जर्मनीच्या हिवाळ्यासाठी टायर निवडताना : रन-फ्लॅट की साधे?

म्युनिक, श्टुटगार्ट किंवा फ्रँकफुर्टला नोकरीनिमित्त आलेली मराठी मंडळी पहिली गाडी बहुधा वापरलेलीच घेतात. ती बीएमडब्ल्यू किंवा मिनी असली, तर डिकीतले आवरण उचलल्यावर बऱ्याचदा तिथे स्टेपनी नाही, जॅक नाही आणि चाकाचा पान्हाही नाही, असे आढळते. गाडी कारखान्यातून रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालवता येणाऱ्या, टायरांवर बाहेर पडलेली असल्यामुळे या वस्तू दिलेल्याच नसतात. उन्हाळ्यात या गोष्टीचा फारसा विचार करावा लागत नाही. ऑक्टोबर उजाडला, की हिवाळी टायरांचा वेगळा संच घेणे भाग पडते आणि दुकानदार विचारतो, की रन-फ्लॅट देऊ की साधे. दोन्हींच्या किमतीतला फरक चार टायरांना मिळून चांगलाच जाणवतो, आणि एकदा घेतलेला संच चार-पाच हिवाळे वापरायचा असल्याने उत्तर घाईत देणे परवडत नाही.

कायद्याला काय हवे

जर्मनीत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हिवाळी टायर लावलेच पाहिजेत, असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेल्या पाण्याचा निसरडा थर किंवा गोठलेल्या दहिवराचा थर असेल, तेव्हा मात्र योग्य टायरांशिवाय गाडी चालवता येत नाही. सोय म्हणून लोक ऑक्टोबर ते ईस्टर हा काळ पाळतात. योग्य टायर म्हणजे कोणते, याची व्याख्या १ ऑक्टोबर २०२४पासून कडक झाली आहे. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असे चिन्ह साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, असलेला टायरच आता हिवाळी मानला जातो; नुसते ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेले असणे पुरेसे नाही. जुन्या मालाच्या संकेतस्थळांवर असे केवळ ‘एम+एस’चे संच अजूनही स्वस्तात विकायला दिसतात, ते घेऊ नयेत. नियम मोडल्यास ६० युरो दंड होतो आणि चालकांचे वाहतूक-गुन्हे नोंदवणाऱ्या फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत एक दोषगुण चढतो. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर दंड ८० युरो होतो.

टायरवरच्या नक्षीची खोली जर्मन कायद्यानुसार किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, पण बर्फावर एवढ्याशा खोलीचा काही उपयोग नसतो. एडीएसी ही वाहनचालकांची संघटना ४ मिलिमीटरची शिफारस करते, आणि ऑस्ट्रियात तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असल्यास ४ मिलिमीटर ही कायदेशीर अटच आहे. म्युनिकहून साल्झबुर्ग किंवा इन्सब्रुकला शनिवार-रविवारी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या सगळ्यात रन-फ्लॅटचा उल्लेख कुठेही नाही. टायर रन-फ्लॅट आहे की साधा, याच्याशी हिवाळी नियमांना काही देणेघेणे नाही. गाडीच्या कागदपत्रांतही सहसा टायरचे माप, भारांक (तो किती वजन पेलेल) आणि वेगांक (किती वेगापर्यंत चालेल) एवढेच नमूद असते. म्हणून कारखान्यातून रन-फ्लॅटवर आलेल्या गाडीला साधे हिवाळी टायर लावणे बेकायदा नाही, मात्र त्या गाडीच्या हस्तपुस्तिकेत याविषयी काही अट आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

बर्फावरची पकड कशामुळे येते

उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाला धरून राहण्याची त्याची क्षमता कमी होत जाते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचीक राहील असे बनवलेले असते. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी, पातळ चिरा असतात. ब्रेक दाबल्यावर त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फात रुततात. रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो तेही फायद्याचेच असते, कारण बर्फाची पकड बर्फावर चांगली बसते.

म्हणजे गाडी थांबेल की घसरेल, हे मिश्रण, चिरा आणि नक्षीची खोली ठरवतात. रन-फ्लॅट रचनेचा त्यात हात नाही. ती टायरमधली हवा गेल्यानंतरच कामाला येते. माझ्या मते संपूर्ण निवडीचा पाया हाच आहे. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी उत्तम हिवाळी टायरवर खर्च करावेत, आणि तो रन-फ्लॅट असावा का हा विचार त्यानंतर करावा. मध्यम दर्जाचा रन-फ्लॅट आणि पहिल्या दर्जाचा साधा टायर एकाच किमतीत मिळत असतील, तर हिवाळ्यासाठी दुसरा घ्यावा. पंक्चर वर्षानुवर्षे होत नाही. निसरड्या उतारावर ब्रेक मात्र दर आठवड्याला दाबावा लागतो.

तुलना करताना एक सावधगिरी बाळगावी. एडीएसी आणि वाहनविषयक नियतकालिके दर शरद ऋतूत हिवाळी टायरांच्या चाचण्या प्रसिद्ध करतात, आणि त्या वाचूनच खरेदी करावी. पण त्या ठरावीक मापांत आणि बहुधा साध्या आवृत्तीवर घेतलेल्या असतात. त्याच नावाच्या रन-फ्लॅट आवृत्तीचे वजन आणि ताठरपणा वेगळा असल्याने तिला तेच गुण आपोआप लागू होत नाहीत. युरोपीय संघाच्या टायरलेबलवर मे २०२१पासून बर्फावरील पकडीचे स्वतंत्र चित्रचिन्ह असते, आणि लेबल त्या त्या आवृत्तीचे असते, म्हणून विकत घेताना नेमक्या त्याच टायरचे लेबल मागून पाहावे. त्यावर आणखी एक चिन्ह दिसू शकते, ते गोठून काचेसारख्या झालेल्या बर्फावरील पकडीचे असते. ते स्कँडिनेव्हियासारख्या प्रदेशांसाठी बनवलेल्या मऊ टायरांना मिळते आणि ओल्या डांबरावर अशा टायरांची कामगिरी मध्य युरोपातल्या टायरांपेक्षा उणी असू शकते. बव्हेरियात हिवाळ्यातले बरेचसे दिवस रस्ता पांढरा नसतो, ओला आणि बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठामुळे मिठाळ असतो.

रन-फ्लॅट काय करतो आणि काय करत नाही

साध्या टायरमधली हवा गेली, की साइडवॉल दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते आणि थोड्याच अंतरात तिच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅटच्या साइडवॉलमध्ये उष्णता सहन करणाऱ्या रबराचा जाड थर आतून भरलेला असतो, त्यामुळे हवा नसतानाही ती गाडीचे वजन पेलते. मात्र प्रत्येक फेऱ्याला वाकत राहिल्याने ती तापत जाते. म्हणून सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर वेग आणि ८० किलोमीटर अंतर अशी दिलेली असते. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल किंवा रस्ता चढाचा असेल, तर हे अंतर घटते.

आता हे ८० किलोमीटर नकाशावर ठेवून पाहावेत. गार्मिश-पार्टेनकिर्खेनहून म्युनिक जवळपास ९० किलोमीटर आहे आणि इन्सब्रुकहून सुमारे १६०. म्हणजे आल्प्समधून परतताना पंक्चर झालेच, तर रन-फ्लॅट तुम्हाला घरी आणेलच असे नाही; सुरक्षित जागी, एखाद्या गावात किंवा पेट्रोल पंपावर तो बहुधा पोहोचवेल. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती महामार्गावर, ८० किलोमीटरच्या वेगाने जाताना संकोच वाटण्याचे कारण नाही, अवजड ट्रकांची तिथली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. उजव्या मार्गिकेत त्यांच्यामागे राहावे. रस्त्यावर बर्फ असेल तर मात्र ८० हा आकडा विसरावा. एका चाकात हवा नसताना गाडीचा तोल बदललेला असतो, वळणावर आणि ब्रेक लावताना ती वेगळी वागते, आणि निसरड्यावर सावरायला वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट इथल्या बाजारपेठेच्या वेळांची. आपल्याकडे हमरस्त्यावर ढाब्याशेजारी पंक्चरवाला असतोच, आणि ट्यूबलेसमध्ये पट्टी खुपसून तो दहा मिनिटांत मोकळा करतो. जर्मनीत रविवारी टायरची दुकाने बंद असतात, नाताळात २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ तारखेपर्यंत सगळेच बंद असते, आणि बाहेरून पट्टी खुपसणे ही तिथे कायमची दुरुस्ती मानत नाहीत. टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, आतल्या बाजूने पॅच बसवावा लागतो. तोही भोक नक्षीच्या भागात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे असेल तरच. हवा नसताना चालवलेला रन-फ्लॅट आतून किती भाजला आहे, हे बाहेरून कळत नाही, म्हणून बहुतेक कार्यशाळा तो दुरुस्त करायला नकार देतात आणि नवा टायर घ्यावा लागतो. तुमच्या मापाचा रन-फ्लॅट दुकानात शिल्लक असेल याची खात्री नसते. तो मागवावा लागला, तर दोन-तीन दिवस गाडी उभी राहते. म्हणजे एका खिळ्यामुळे साध्या टायरवर जो खर्च दुरुस्तीचा असतो, तो रन-फ्लॅटवर पुष्कळदा नव्या टायरचा होतो.

तिसरी गोष्ट ताठरपणाची. जाड साइडवॉलमुळे रन-फ्लॅट जड असतो आणि रस्त्यावरचे धक्के तो अधिक आत पोहोचवतो. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसा वितळलेले पाणी डांबराच्या भेगांत शिरते, रात्री गोठून फुगते आणि सकाळी रस्त्यात खड्डे पडलेले दिसतात. अशा खड्ड्यात चाक आदळल्यावर कमी उंचीचा, ताठ टायर धक्का स्वतः शोषून घेण्याऐवजी रिमकडे सोपवतो, आणि रिमला पोचा पडण्याचा किंवा तडा जाण्याचा धोका वाढतो. याला उपाय आहे, आणि तो हिवाळ्यासाठी एरवीही चांगलाच आहे : लहान रिम आणि उंच साइडवॉल घ्यावी. बीएमडब्ल्यूच्या आधीच्या पिढीतल्या ३ मालिकेचे उदाहरण घेतले, तर उन्हाळ्यात २२५/४५ आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) असलेल्या गाडीला अनेकदा हिवाळ्यात २०५/६० आर १६ चालते. पहिल्यात साइडवॉलची उंची सुमारे १०१ मिलिमीटर, दुसऱ्यात १२३. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच. अरुंद टायर बर्फात खाली दाबून जातो, १६ इंची टायर स्वस्त पडतो, आणि त्याला बर्फात पकडीसाठी लावायची साखळी बसवायला जागा उरते. मात्र मोठे ब्रेक असलेल्या आवृत्तीत १६ इंची रिम बसतच नाही, म्हणून नोंदणीपत्राच्या पहिल्या भागातले १५.१ आणि १५.२ हे रकाने आणि गाडीचे अनुरूपता प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय माप ठरवू नये.

असे असूनही रन-फ्लॅटचा एक फायदा हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तो कमी लेखता कामा नये. डिसेंबरच्या मध्याला म्युनिकमध्ये साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. अंधारात, उणे तापमानात, ऑटोबानच्या कडेच्या पट्ट्यावर, शेजारून ट्रक जात असताना चाकापाशी वाकून बसणे ही त्या प्रवासातली सर्वांत धोकादायक वेळ असते. स्टेपनी असली तरी मिठाने आणि गंजाने रिम चाकाच्या तबकडीला चिकटून बसलेला असतो, बोल्ट हलत नाहीत, हातमोजे घालून ते धरता येत नाहीत आणि काढून बोटे चालत नाहीत. रन-फ्लॅट असेल तर हे सगळे टळते. टायरमधला दाब कमी झाल्याचा दिवा लागतो, तुम्ही वेग कमी करता आणि पुढच्या निकासमार्गाने बाहेर पडता.

मग कोणी काय घ्यावे

गाडी मुख्यतः शहरात आणि आसपास चालत असेल, घर ते कचेरी, शाळा, वाणसामान आणि अधूनमधून पन्नास-साठ किलोमीटरवरचे मित्र, तर मी निःसंकोच साधे हिवाळी टायर सुचवीन. शहरात मदत पाऊणएक तासात येऊ शकते, आणि येईपर्यंत जवळच्या उपाहारगृहात बसता येते. बहुसंख्य मराठी कुटुंबांचा वापर याच प्रकारात मोडतो.

ज्यांना रोज पहाटे किंवा रात्री उशिरा ऑटोबानवर लांबचा प्रवास एकट्याने करावा लागतो, ज्यांच्या गाडीत तान्हे मूल किंवा वृद्ध आईवडील वारंवार असतात आणि उणे दहा अंशांत त्यांना गाडीबाहेर, सुरक्षा कठड्याच्या पलीकडे उभे करणे परवडणार नाही, त्यांनी रन-फ्लॅटचे जास्तीचे पैसे द्यावेत. रुग्णालयात पाळीवर पोहोचणे बंधनकारक असलेल्यांनाही हेच लागू होते. मात्र त्यांनीही रन-फ्लॅटमधला चांगला हिवाळी टायर निवडावा. ‘रन-फ्लॅट आहेच’ म्हणून स्वस्तातले नाव घेऊ नये.

भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना घेऊन वर्षातून एकदा आल्प्समध्ये जाणे, एवढ्या कारणासाठी रन-फ्लॅट घेण्याची गरज मला वाटत नाही. त्या सहलीसाठी साखळ्या, ब्लँकेट, थर्मास आणि वाहन-साहाय्याचे सदस्यत्व यांचा जास्त उपयोग होतो.

या दोघांच्या मधला एक पर्यायही बाजारात आहे : आतल्या बाजूला चिकट द्रावणाचा थर लावलेले टायर. नक्षीच्या भागात साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचा खिळा घुसला, तर द्रावण भोवताली चिकटून हवा अडवते आणि चालकाला कित्येकदा कळतही नाही. साइडवॉल फाटली तर मात्र त्याचा उपयोग नसतो. हिवाळी टायरांत या प्रकारात मापे मर्यादित मिळतात, पण तुमचे माप मिळत असेल तर विचार जरूर करावा. त्याची साइडवॉल साधीच असल्याने ताठरपणाचा प्रश्न येत नाही.

उन्हाळी टायर रन-फ्लॅट आणि हिवाळी साधे, अशी विभागणी करण्यास काही हरकत नाही. एका वेळी गाडीवर दोन्ही प्रकार मिसळू नयेत, एवढेच पथ्य आहे. पुढच्या धुरीवर (ॲक्सलवर) एक आणि मागच्या धुरीवर दुसरा, असेही करू नये, कारण निसरड्यावर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या रीतीने वागू लागतो. वापरलेली गाडी घेताना चारही टायरांवरची अक्षरे वाचावीत. आधीच्या मालकाने पंक्चर झाल्यावर एखादाच साधा टायर बसवलेला असणे अशक्य नाही.

साइडवॉलवर काय वाचावे

रन-फ्लॅट ओळखायची एकच खूण नाही, हीच अडचण आहे. बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरांवर वर्तुळात ‘आरएससी’ अशी अक्षरे असतात. ब्रिजस्टोन ‘आरएफटी’ लिहिते, कॉन्टिनेंटल ‘एसएसआर’, गुडइयर ‘आरओएफ’ आणि मिशलिन ‘झेडपी’. मर्सिडीजसाठी बनवलेल्यांवर ‘एमओई’ असते. शेवटचा ‘ई’ नसेल तर तो साधा टायर समजावा. मापातच ‘आर’च्या जागी ‘आरएफ’ असणे हीही खूण आहे. बीएमडब्ल्यूने मान्य केलेल्या टायरांवरचे तारकाचिन्ह मात्र रन-फ्लॅटची खूण नव्हे, यात पुष्कळांची गल्लत होते.

मापानंतरचा आकडा भारांक असतो. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. तो कागदपत्रांतल्या आकड्यापेक्षा कमी चालत नाही. त्यापुढचे अक्षर वेगाचे असते : टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. हिवाळी टायरांना जर्मनीत सवलत आहे, की गाडीचा कमाल वेग यापेक्षा जास्त असला तरी कमी वेगांकाचा टायर लावता येतो, फक्त चालकाच्या नजरेसमोर तसा वेगदर्शक स्टिकर लावावा लागतो. टायर बसवून घेताना तो मागून घ्यावा. ‘डीओटी’पुढचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ३८२३ म्हणजे २०२३चा अडतिसावा आठवडा. वापरलेला संच घेत असाल, तर नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा घेऊ नये, कारण तोवर रबर कडक होत आलेले असते. वापरलेला रन-फ्लॅट तर मी कोणालाही सुचवणार नाही. तो कधी हवा नसताना चालवला गेला होता का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

साधे टायर घेतल्यास सोबत काय हवे

रन-फ्लॅट काढून साधे बसवले, की डिकीतली ती रिकामी जागा भरावी लागते. कॉम्प्रेसर आणि चिकट द्रावणाची बाटली असा पंक्चर-संच घ्यावा. बाटलीवर मुदत छापलेली असते आणि किती तापमानापर्यंत द्रावण वापरता येईल तेही. दोन्ही पाहून मगच घ्यावी. द्रावण फक्त नक्षीतल्या लहान भोकाला उपयोगी पडते, साइडवॉलच्या चिरेला नाही, आणि ते वापरल्यावरही वेग ताशी ८० किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. काही किलोमीटर गेल्यावर थांबून हवा पुन्हा मोजावी. कार्यशाळेत गेल्यावर टायरमध्ये द्रावण घातले आहे हे आधीच सांगावे. ते न सांगितल्यास टायर उतरवणाऱ्याच्या अंगावर सगळा चिकटा उडतो. द्रावण भरलेला टायर दुरुस्त करण्यास अनेक जण तयार नसतात, हेही गृहीत धरावे.

त्याखेरीज वाहन-साहाय्य हवेच. एडीएसीचे सदस्यत्व किंवा गाडीच्या विम्यासोबत मिळणारे मदतपत्र यांपैकी एक पुरेसे आहे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा इटलीत जाणार असाल, तर ते परदेशातही लागू आहे का हे आधी वाचावे. चमकते जाकीट आणि चेतावणी त्रिकोण जर्मनीत बंधनकारक आहेतच. जाकीट डिकीत न ठेवता दाराच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे ते घालूनच गाडीबाहेर उतरता येते. साखळ्या घ्यायच्या असतील तर हस्तपुस्तिकेत दिलेल्या मापाच्याच घ्याव्यात आणि घरासमोर कोरड्या जागी एकदा लावून पाहाव्यात. साखळ्या लावल्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर असते. हवा गेलेल्या रन-फ्लॅटवर साखळी लावून पुढे जाण्याचा विचारही करू नये.

दिवा लागला म्हणजे पंक्चरच असे नाही

टायरमधला दाब दर १० अंशांच्या घसरणीला साधारण ०.१ बारने उतरतो. २० अंश तापमानात २.४ बार भरलेला टायर उणे १० अंशांत २.०५ बारच्या आसपास येतो, आणि एवढ्या फरकाने दाबदर्शक दिवा लागू शकतो. तळघरातल्या उबदार पार्किंगमध्ये हवा भरून बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा अनुभव पहिल्या कडाक्याच्या थंडीत येतोच. म्हणून हवा थंड टायरमध्ये, बाहेरच्या तापमानात मोजावी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पाहावी. चारही टायर सारखेच उतरले असतील तर थंडीचा परिणाम समजावा. एकच उतरला असेल तर खिळा, व्हॉल्व्ह किंवा मिठाने खाल्लेली रिमची कड यांपैकी काहीतरी आहे. हिवाळ्यातली मंद गळती पुष्कळदा या शेवटच्या कारणाने होते, आणि तेव्हा टायर नवा घेऊनही उपयोग नसतो. रिम घासून साफ करावी लागते.

रन-फ्लॅट असलेल्यांनी दिव्याकडे दुर्लक्ष करणे विशेष धोक्याचे आहे, कारण साइडवॉल ताठ असल्याने हवा गेल्याचे स्टिअरिंगवर फारसे जाणवत नाही. म्हणूनच चालू स्थितीतल्या दाबदर्शक यंत्रणेशिवाय रन-फ्लॅट वापरूच नयेत. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून नव्या प्रवासी गाड्यांना ही यंत्रणा बंधनकारक आहे. ती दोन प्रकारची असते. काही गाड्यांत प्रत्येक चाकात संवेदक असतो, आणि हिवाळी संच वेगळ्या रिमवर घेतल्यास त्यातही संवेदक बसवावे लागतात. काहींत एबीएस या ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या आधारे चाकांचे फेरे मोजून दाबाचा अंदाज घेतला जातो, तिथे संवेदक लागत नाहीत, पण टायर बदलल्यावर आणि हवा भरल्यावर यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते. आपल्या गाडीत कोणती आहे हे विचारल्याशिवाय रिमसह संचाची किंमत नक्की करू नये, कारण चार संवेदकांचा खर्च त्यात सहज राहून जातो.

बसवून घेताना

रन-फ्लॅटची साइडवॉल ताठ असल्याने तो रिमवर चढवताना कडा दुखावण्याची शक्यता असते. त्यासाठी खास यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो. भेटीची वेळ ठरवतानाच ‘तुम्ही रन-फ्लॅट बसवता का’ असे विचारावे. पहिला बर्फ पडण्याचा अंदाज आला, की दुकानांत दोन-तीन आठवड्यांची रांग लागते, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीसच वेळ घेऊन ठेवावी. मापांची निवडही तेव्हाच चांगली असते. चारपैकी दोन टायर जास्त खोल नक्षीचे असतील, तर ते मागच्या धुरीवर बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही.

उतरवलेल्या उन्हाळी चाकांवर डावे-पुढचे, उजवे-मागचे असे खडूने लिहून ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावीत. रिमसह असतील तर एकावर एक, नुसते टायर असतील तर उभे. सदनिकेत जागा नसेल, तर बहुतेक दुकाने हंगामापुरती शुल्क घेऊन ती सांभाळतात. ठेवायला देण्यापूर्वी त्यांची नक्षी मोजून आणि छायाचित्र काढून घ्यावे. नवी चाके बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा ठरलेल्या ताणाने आवळून घ्यावेत. बहुतेक दुकाने हे काम मोफत करतात, पण त्यासाठी आठवणीने जावे आपल्यालाच लागते.